सागवानाचं पिंप का करत नाहीत?

व्हिस्कीच्या बाटलीवर ‘ओकच्या पिंपात मुरवलेली’ असं छापलेलं असतं. ते वाचून कोल्हापुरात लोक मला विचारतात, ओकच का? आपल्याकडे सागवान आहे, शिसव आहे, फणस आहे, बाभूळ आहे. सागवानाच्या चौकटी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस खातात आणि टिकतात, सागवानाची जहाजं समुद्रात तरली, मग दारूचं पिंप सागवानाचं का नाही? विचारणारा बहुधा पिणारा नसतो. तो शेतकरी असतो, सुतार असतो, साखर कारखान्यात नोकरीला असतो. ज्या जिल्ह्यात ऊस पिकतो, काहिलीत गूळ शिजतो आणि कारखान्यात मळीपासून मद्यार्क निघतो, तिथल्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा.

उत्तर लाकडाच्या पोटात आहे, आणि ते समजायला लागणारं बरंचसं ज्ञान कोल्हापूरकराकडे आधीपासून आहे. चपलेच्या चामड्यात आहे, बैलगाडीच्या चाकात आहे, कांदा-लसूण मसाला भाजणाऱ्या कढईत आहे. या प्रकरणात तेच एकत्र आणायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. परवान्याशिवाय घरी दारू गाळणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा त्यासाठी आजही लागू आहे. इथे आपण गाळण्याबद्दल बोलणार नाही. गाळून झाल्यावर लाकूड काय करतं, एवढंच पाहू.

१. मुरणं म्हणजे काय?

नुकतंच गाळलेलं मद्य पाण्यासारखं पांढरं स्वच्छ असतं. व्हिस्की असो, रम असो, ब्रँडी असो, भट्टीतून बाहेर पडताना कुणालाच रंग नसतो. तो सोनेरी-तांबूस रंग नंतर येतो, लाकडातून (काही कारखाने वरून जळक्या साखरेचा रंगही घालतात). म्हणून बाटलीत ठेवलेली दारू जुनी होत नाही. पिंपातून बारा वर्षांनी काढून बाटलीत भरलेली व्हिस्की आणखी वीस वर्षं कपाटात राहिली तरी ती बारा वर्षांचीच. काच काही देत नाही आणि काही घेतही नाही.

‘मुरणं’ हा आपला शब्द इथे चपखल बसतो. लोणचं मुरतं तेव्हा फोडीतलं पाणी बाहेर येतं आणि मीठ-मसाला फोडीत शिरतो, देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. पिंपातही तसंच. लाकूड मद्याला रंग, गोडसर वास आणि तुरटपणा देतं. आतली जळकी बाजू मद्यातले उग्र, गंधकासारखे वास ओढून घेते. आणि लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून थोडी थोडी हवा आत येते, तिच्यामुळे मद्यातले घटक हळूहळू बदलून नवे, फळासारखे वास तयार होतात. देणं, घेणं आणि श्वास घेणं, ही तीन कामं एकाच वेळी चालू असतात.

सगळ्याच मद्यांना लाकूड लागतं असं नाही. आमच्या चंदगड तालुक्यापासून गोवा फार दूर नाही. तिथली फेणी परंपरेने काचेच्या मोठ्या गराफांवात ठेवतात आणि ती पांढरीच राहते. काजूच्या बोंडाचा वास इतका ठसठशीत असतो की त्यावर लाकडाचा थर चढवला तर बोंड हरवून बसेल. त्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या बोंडासाठी आणि पद्धतीसाठी. चंदगड-आजऱ्यातही काजूच्या बागा भरपूर आहेत, आणि हंगामात झाडाखाली पडलेल्या बोंडांचा तो गोड-आंबूस वास ज्याने घेतलाय, त्याला माझं म्हणणं लगेच पटेल.

गोव्याचा विषय निघालाच आहे, तर ‘पिंप’ हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलेला आहे. त्यांच्या भाषेत पिपा म्हणजे लाकडी पिंप. पुढे पत्र्याचं, प्लॅस्टिकचं पिंप आलं, लाकूड गेलं आणि शब्द राहिला.

२. लाकडाच्या पोटात

लाकूड म्हणजे सिमेंट-काँक्रीटचं घर समजा. त्यात सळया असतात, त्यांना सेल्युलोज म्हणतात. सळया बांधायची तार असते, ती हेमिसेल्युलोज. आणि या सगळ्याला धरून ठेवणारं सिमेंट म्हणजे लिग्निन. कुठल्याही लाकडाचा मोठा भाग या तिघांचाच बनलेला असतो. उरलेल्या थोड्या भागात त्या त्या झाडाची स्वतःची माया असते: तेलं, राळ, रंग, टॅनिन, वास.

मद्याच्या दृष्टीने या प्रत्येकाचं काम वेगळं. सळया जवळपास काहीच देत नाहीत, त्या फक्त पिंप उभं ठेवतात. बांधायची तार म्हणजे हेमिसेल्युलोज हे साखरेच्या कणांचंच बनलेलं असतं, त्यामुळे आच लागली की त्यापासून गूळ करपल्यासारखे, बदामासारखे वास निघतात. सिमेंट म्हणजे लिग्निन तापून फुटलं की व्हॅनिलीन तयार होतं. आइस्क्रीममधला व्हॅनिलाचा वास तो हाच, आणि स्वस्त व्हॅनिला इसेन्ससाठी कागद कारखान्यातल्या टाकाऊ लिग्निनपासून तो वर्षानुवर्षं काढलाही गेला. ओकमध्ये याशिवाय दोन गोष्टी जास्तीच्या सापडतात. एक लॅक्टोन, ज्याचा वास ओल्या नारळासारखा येतो. दुसरं युजेनॉल, म्हणजे लवंगेत जे असतं तेच.

पाहा, व्हॅनिला, नारळ, लवंग, करपलेला गूळ. यात परदेशी काय आहे? हे सगळे वास आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत, फक्त ते एका झाडाच्या खोडात एकत्र आले आहेत.

३. चप्पल, हिरडा आणि खिळा

आता टॅनिन. यावर मी जरा थांबणार आहे, कारण कोल्हापूरच्या माणसाला हा पदार्थ नव्याने शिकवायची गरज नाही.

कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीने कमावतात तेव्हा कातडं पिशवीसारखं शिवतात. त्यात बाभळीची साल आणि हिरडा घालून केलेलं पाणी भरतात आणि ती फुगलेली पिशवी टांगून ठेवतात. पाणी आतून बाहेर झिरपत राहतं, खाली गोळा झालेलं पुन्हा वरून ओतलं जातं. काही दिवसांत कच्चं, कुजणारं कातडं टिकाऊ तांबूस चामडं होतं. हे करणारा पदार्थ म्हणजे टॅनिन. ते प्रथिनांना घट्ट धरतं. कातड्यातल्या प्रथिनांना धरलं की चामडं होतं, आणि आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरलं की जीभ आखडते, म्हणजेच तुरट लागतं. हिरडा चघळल्यावर तोंडात जे होतं ते हेच.

ओकच्या लाकडात टॅनिन असतं, पण बेताचं. ते मद्याला अंग देतं, घशाला धार न देता भरलेपण देतं, आणि हवेबरोबर होणाऱ्या बदलांना हातभार लावतं. कमी पडलं तर मद्य पोकळ लागतं, जास्त झालं तर हिरड्याचा काढा होतो.

टॅनिन डोळ्यांनी बघायचं असेल तर साधा प्रयोग आहे. हिरड्याचे दोन तुकडे कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्या पिवळट पाण्यात एक गंजका खिळा टाका. थोड्याच वेळात खिळ्याभोवती निळसर-काळे धागे सुटायला लागतात आणि दिवस मावळेपर्यंत पाणी शाईसारखं काळं होतं. जुन्या काळी शाई अशीच करत. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “त्यात नवं काय मास्तर? बाभळीत खिळा मारला की वर्षात भोवतीनं काळं पडतंय.” बरोबर आहे. म्हणूनच दारूच्या पिंपात आतून एकही खिळा नसतो, डिंक नसतो, स्क्रू नसतो. लोखंड फक्त बाहेरच्या पट्ट्यांत. आत एक खिळा जरी मद्याला लागला, तरी सगळं पिंप काळवंडेल आणि चव धातूची होईल.

४. गळत का नाही?

खिळा नाही, डिंक नाही, तरी दोनशे लिटर पातळ मद्य वर्षानुवर्षं आत राहतं. कसं?

एक उत्तर बैलगाडीच्या चाकात आहे. लोहार लोखंडी धाव तापवून लाल करतो, ती फुगते, लाकडी चाकावर बसवतो, पाणी मारतो. धाव आक्रसते आणि आरे-पुठ्ठे एकमेकांत आवळून बसतात. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली की शेतकरी चाक ओढ्याच्या पाण्यात टाकून ठेवतो, लाकूड फुगतं आणि पुन्हा घट्ट होतं. पिंपाचं तत्त्व हेच. बाहेरचे पट्टे आवळतात, आतला पातळ पदार्थ पिऊन फळ्या फुगतात आणि सांधे बंद होतात. म्हणून नवं किंवा बराच काळ रिकामं राहिलेलं पिंप आधी गरम पाणी भरून दोन दिवस ठेवावं लागतं. सुरुवातीला ते चाळणीसारखं गळतं, मग हळूहळू थांबतं. थांबलं नाही तर फळीत दोष आहे.

दुसरं उत्तर झाडाच्या आत आहे. खोडात मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाड वाढतं तसा मधला गाभा कामातून निवृत्त होतो. पांढऱ्या ओकमध्ये तेव्हा शेजारच्या पेशी फुग्यासारख्या या नळ्यांत शिरतात आणि त्या कायमच्या बुजवून टाकतात. याच्या उलट अमेरिकेतला लाल ओक. त्याच्या नळ्या उघड्याच राहतात. त्याच्या छोट्या काठीचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाकडून फुंकलं तर बुडबुडे येतात. वेताच्या कांडीने हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. नाव ओकच, दिसायलाही भाऊ, पण एकाचं पिंप होतं आणि दुसऱ्याची चाळण.

तिसरी गोष्ट कापण्याची. खोडाच्या मध्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा गेलेल्या असतात, आणि त्यांच्यातून पातळ पदार्थ सहज सरकतो. फळी अशी काढावी लागते की या रेषा फळीच्या रुंदीत आडव्या पडतील, जाडीतून आरपार जाणार नाहीत. अशा कापणीत लाकूड बरंच वाया जातं. पिंप महाग असण्याचं हे एक मोठं कारण आहे.

५. आपली झाडं

आता सागवानाकडे वळू. गळतीच्या परीक्षेत सागवान चांगल्या गुणांनी पास होईल. त्याच्याही नळ्या बऱ्याच अंशी बुजलेल्या असतात, ते कुजत नाही, वाकत-फुगत फारसं नाही. मग नापास कुठे होतं? तर चवीत. सागवानात तेलकट-मेणचट द्रव्यं असतात, रबरासारखा पदार्थ असतो आणि वाळवीला पळवून लावणारी क्विनोन नावाची रसायनं असतात. सुतारकाकांनी ताज्या रंधलेल्या फळीवरून माझा हात फिरवला आणि म्हणाले, “तेल लागतंय का बघा. म्हणून तर वाळवी शिवत न्हाई.” जी द्रव्यं वाळवीला नको असतात ती मद्यार्कात छान विरघळतात. वास चामड्यासारखा, चव कडवट, आणि काही सुतारांना सागवानाच्या भुश्श्याने अंगावर खाज उठते ती याच रसायनांमुळे. चौकट टिकते त्याच कारणाने पिंप बिघडतं.

बाभूळ कणखर आहे, पण टॅनिन इतकं की मद्य चामडं कमावायच्या कामाचं होईल. शिवाय सरळ, लांब, गाठ नसलेली फळी बाभळीत मिळणं कठीण. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि मुबलक. त्याला ना फारसा वास ना फारसा रंग, आणि ओलाव्यात ते लवकर कुजतं. ऐन दणकट आहे, पण वाळताना टोकांना फाटतं, पृष्ठभागावर चिरा पडतात, आणि पिंपाला एक चीरही पुरते. फणस मात्र विचार करण्यासारखा आहे. लाकूड मध्यम वजनाचं, कामाला चांगलं, वीणा आणि मृदंग त्याचेच होतात. त्यात मोरिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं, बौद्ध भिक्खूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाने रंगवली जात ती त्याच्याच जोरावर. मद्यालाही ते पिवळं करेल, हे लक्षात ठेवूनच पुढे जायचं.

काही झाडं मात्र प्रयोगासाठीही हातात धरायची नाहीत. बिब्ब्याने अंग कसं उततं हे आपण जाणतो. काजऱ्यात कुचल्याचं विष आहे. कण्हेरीचं लाकूडही विषारी. मद्यार्क पाण्यापेक्षा कितीतरी गोष्टी जास्त विरघळवतो, त्याला चांगलं-वाईट कळत नाही. त्याच न्यायाने जुन्या फर्निचरचे तुकडे, पॉलिश केलेलं लाकूड, प्लायवूड, कीड लागू नये म्हणून औषध मारलेल्या फळ्या, रेल्वेचे जुने स्लीपर, यांच्या वाटेलाही जायचं नाही. ‘देशी लाकूड आहे, काय होतंय’ हे वाक्य मला काळजीत टाकतं.

६. वाळवणं आणि भाजणं

झाड ठरलं, तरी ते तोडून लगेच पिंप बांधता येत नाही. ओकच्या फळ्या उघड्यावर रचून दोन-तीन वर्षं ठेवतात. नुसतं वाळवणं हा हेतू असता तर भट्टीत काही आठवड्यांत काम झालं असतं. उघड्यावर ऊन लागतं तसा पाऊसही पडतो, आणि पाऊस टॅनिनचा कडवट भाग धुऊन नेतो. फळ्यांखालची जमीन काळी-तपकिरी होते ती त्यामुळे. बारीक बुरशीही येते आणि ती उरलेल्या कडवट घटकांना फोडते. कारल्याला मीठ लावून पिळतो, त्याचंच हे संथ रूप. भट्टीत वाळवलेलं लाकूड कोरडं होतं, पण सौम्य होत नाही.

मग भाजणं. कांदा-लसूण मसाल्यासाठी सुकं खोबरं भाजताना काय होतं ते आठवा. मंद आचेवर आधी कच्चा वास जातो, मग गोडसर सुगंध सुटतो, मग बदामी रंग येतो, आणि एक क्षण चुकला की धूर होऊन कडू. लाकडाचंही हेच आहे. साधारण १४० अंशांच्या पुढे हेमिसेल्युलोजमधली साखर करपायला लागते. २०० अंशांच्या आसपास लिग्निन फुटून व्हॅनिलीन वाढतं. आणखी वर गेलं की धुराचे वास येतात. पिंप बांधणारा कारागीर तळ नसलेलं पिंप छोट्या जाळावर पालथं धरून आतून असं भाजतो, आणि वासावरून ओळखतो की झालं.

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी यापुढे जाऊन आतला पृष्ठभाग पेटवतात आणि एका मिनिटाच्या आत विझवतात. आत कोळशाचा थर येतो. फ्रिजमधला वास जावा म्हणून आपण कोळशाचा तुकडा ठेवतो, तेच काम हा थर करतो. त्याच्या खाली भाजलेल्या लाकडाचा बदामी थर असतो आणि चव येते ती मुख्यतः तिथून. जुनं पिंप फोडलं तर मद्य फळीत किती खोल शिरलं होतं त्याची तांबूस रेघ स्पष्ट दिसते, अवघे काही मिलिमीटर. बाकीची फळी तशीच कोरी.

बर्बनच्या नियमाची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिकडे ओकचं पिंप प्रत्येक वेळी नवंच लागतं. म्हणून एकदा वापरलेली लाखो पिंपं रिकामी होतात आणि जगभर विकली जातात. स्कॉटलंड ती घेतं, आणि भारतही घेतो. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन ही माल्ट व्हिस्की अशाच अमेरिकन पिंपांत मुरते.

७. लहान पिंप, मोठं पिंप आणि देवदूतांचा वाटा

“दोन लिटरचं छोटं पिंप घेतलं तर लवकर मुरेल ना?” हा दुसरा नेहमीचा प्रश्न. हिशेब करून पाहू. सोपं जावं म्हणून पिंपाऐवजी चौकोनी डबा घ्या.

२० सेंटिमीटर बाजूचा डबा: मावतात ८ लिटर. आतला पृष्ठभाग ६ × ४०० = २,४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर लिटरला ३००.

१० सेंटिमीटर बाजूचा डबा: मावतो १ लिटर. पृष्ठभाग ६ × १०० = ६००. दर लिटरला ६००.

बाजू निम्मी केली की प्रत्येक लिटरच्या वाट्याला दुप्पट लाकूड येतं. याच हिशेबाने २०० लिटरच्या पिंपाऐवजी २ लिटरचं घेतलं तर वाट्याला साडेचारपटीहून जास्त लाकूड येतं. रंग आठवड्यांत चढतो, हे खरं. पण हवेबरोबर होणारे बदल लाकडाच्या क्षेत्रफळाला जुमानत नाहीत, त्यांना वेळच लागतो. परिणाम असा की छोट्या पिंपातलं मद्य दिसायला म्हातारं आणि वागायला कोवळं राहतं, वर तुरट. लाकडाचे काप टाकून घाई करण्याबद्दलही माझं हेच मत आहे.

दुसरा हिशेब उडून जाण्याचा. पिंपातून दरवर्षी थोडं मद्य हवेत जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला सुमारे २ टक्के. गोव्यात सुमारे ८, बंगळूरमध्ये १० किंवा त्याहून जास्त. २०० लिटरच्या पिंपावर पाच वर्षं हे लावून पाहा:

२ टक्क्यांनी: २०० → १९६ → १९२ → १८८ → १८४ → १८१
१० टक्क्यांनी: २०० → १८० → १६२ → १४६ → १३१ → ११८

स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांत १९ लिटर गेले, इथे ८२. बंगळूरच्या अमृत कंपनीने २०१३ मध्ये आठ वर्षं मुरलेली व्हिस्की काढली तेव्हा तिचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत, असं ठेवलं. उष्णतेचा फायदाही आहे. दिवसा तापून मद्य लाकडात शिरतं, रात्री गार होऊन परत येतं, आणि आपल्याकडे ही ये-जा जोरात चालते. म्हणून आपल्या हवेतल्या तीन-चार वर्षांच्या माल्टची तिकडच्या बारा वर्षांच्या माल्टशी वर्षं मोजून तुलना करणं अन्यायाचं आहे.

आणि हवा म्हणजे फक्त उष्णता नव्हे. बाहेर कोरडं असेल तर पिंपातलं पाणी जास्त वेगाने जातं आणि मद्य कडक होत जातं. बाहेर दमट असेल तर पाणी अडतं, मद्यार्क निघून जातो आणि मद्य सौम्य होतं. आमच्याच जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावडा महिनोन्‌महिने पावसात बुडालेला असतो आणि पूर्वेला शिरोळ कोरड्या पट्ट्यात आहे. एकाच झाडाची, एकाच कारागिराने बांधलेली दोन पिंपं या दोन तालुक्यांत ठेवली तर पाच वर्षांनी दोन वेगळी मद्यं निघतील.

८. लाकूड विष मारतं का?

नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण ‘जुनी झाली की दारूतलं विष मरतं’ असं गावोगाव बोललं जातं. मिथेनॉल नावाचा विषारी मद्यार्क ना लाकडात शोषला जातो, ना मुरून नाहीसा होतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलची दारू पिऊन शंभरहून अधिक माणसं गेली. ती दारू दहा वर्षं पिंपात ठेवली असती तरी तिने तेच केलं असतं. मिथेनॉलला जुन्या पुस्तकांत ‘लाकडी मद्यार्क’ म्हटलेलं आढळतं, त्यावरून उलटी भीतीही पसरते. ते नाव पडलं कारण पूर्वी बंद भांड्यात लाकूड तापवून, त्याचा कोळसा करताना मिथेनॉल काढत. पिंपातल्या लाकडातून ते येत नाही.

९. उसाच्या देशांनी काय केलं?

ओकशिवाय गत्यंतर नाही, हा समज दोन देशांनी खोटा ठरवला आहे. श्रीलंकेत नारळाच्या ताडीची अरक हलमिल्ला नावाच्या स्थानिक लाकडाच्या मोठ्या पिंपांत मुरवतात. आणि ब्राझील तर आपल्यासारखाच उसाचा देश. तिथे उसाच्या ताज्या रसापासून कशासा नावाचं मद्य होतं. ते ओकमध्ये मुरतं, तसंच अंबुराना, बाल्समो, जेकितिबा अशा तिथल्या जंगलातल्या लाकडांतही. अंबुराना दालचिनी-व्हॅनिलासारखा वास देतं. जेकितिबा जवळजवळ काहीच देत नाही, फक्त हवा आत येऊ देतं, आणि उसाचा वास जपायचा असेल तेव्हा लोक तेच निवडतात. ‘मुरवलेली’ असं लिहायला निदान अर्धा माल ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी भांड्यात किमान एक वर्ष राहिलेला असावा असा त्यांचा कायदा आहे. त्यांनी प्रत्येक झाडाला वेगवेगळे प्रश्न विचारले, उत्तरं लिहून ठेवली, मग नियम केले. सह्याद्रीतल्या झाडांना हे प्रश्न परवानाधारक डिस्टिलऱ्यांनी, लाकूडशास्त्र आणि विषशास्त्र जाणणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन विचारावेत, असं मला मनापासून वाटतं. जंगल न तोडता, शेताच्या बांधावरच्या झाडांपासून सुरुवात करता येईल.

माझ्या स्वयंपाकघरात मी मद्याऐवजी दुकानातून आणलेला उसाचा शिरका घेतला. शिरका मद्यार्काइतकं ओढून घेत नाही, पण दिशा कळते. पाच बरण्या. सागवान, बाभूळ, आंबा, कच्चा फणस, आणि तव्यावर मंद आचेवर शेंगदाण्याच्या रंगापर्यंत भाजलेला फणस. सगळे तुकडे रंधा न मारलेले, पॉलिश नसलेले, बोटाएवढे. तीन आठवड्यांनी सागवानाची बरणी उघडली तर नव्या चपलांच्या दुकानात शिरल्यासारखा वास. बाभळीची लालसर आणि जीभ आखडणारी. आंब्याची होती तशीच. कच्च्या फणसाची हळदीसारखी पिवळी, वास हिरवट.

भाजलेल्या फणसाची बरणी मी सुतारकाकांपुढे धरली. त्यांनी झाकण काढलं, नाक जवळ नेलं, पुन्हा नेलं. म्हणाले, “गुऱ्हाळावर काहिलीच्या काठाला चिकटतंय बघा, तसला वास येतोय.” मग बराच वेळ त्यांनी बरणी उजेडाकडे धरून आतला तुकडा न्याहाळला. पुढच्या सोमवारी कामावर येताना त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला एक लाकडाचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. “किंजळ हाय,” ते म्हणाले, “आता ह्याचं बघा.”